एका घरात दोन पाणी

वाचकांचे प्रश्न, एका निवृत्त केमिस्टची उत्तरं

संपादकांनी पत्रांचा गठ्ठा हातात ठेवला आणि म्हणाले, "बहुतेकांचा प्रश्न एकच आहे, एकदाच उत्तर देऊन टाका." प्रश्न एकच आहे हे खरं. नळाचं प्यावं की विकतचं? पण विचारणारे कुणी पुण्यात, कुणी अकोटला, कुणी थेट अमेरिकेत. पाण्याच्या बाबतीत पत्ता बदलला की उत्तर बदलतं. मी एका महापालिकेच्या जलशुद्धीकरण केंद्रात एकतीस वर्षं केमिस्ट होते, त्यामुळे माझा कल नळाकडे असणार हे आधीच सांगून टाकते. तो कल एकदा मला चांगलाच महागात पडला. तेही खाली येईलच.

प्रश्न : आम्ही पुण्यात सिंहगड रस्त्याला राहतो. जानेवारी २०२५ मध्ये इथे जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराची साथ आली तेव्हा वीस लिटरचा जार सुरू केला, तो अजून सुरू आहे. सासूबाई मात्र नळाचं पाणी उकळून माठात भरतात आणि तेच पितात. एका घरात दोन पाणी, पाहुण्यांना कुठलं द्यायचं यावरूनही कुरबुर. कोण बरोबर?

सासूबाई.

आता कारणं. धरणातून केंद्रात येणाऱ्या पाण्याला आम्ही रॉ वॉटर म्हणतो. पहिल्या पुराचं रॉ वॉटर दूध घातलेल्या चहासारखं दिसतं. त्यात तुरटी किंवा पीएसी (तुरटीसारखीच गाळ बसवणारी पावडर) किती घालायची ते ठरवायला सहा बीकर ओळीने लावायचे, प्रत्येकात वेगळा डोस, वर फिरणारी पाती. कुठल्या बीकरमध्ये गाळाचे कापसासारखे पुंजके आधी धरतात आणि तळाला बसतात, ते डोळ्यांत तेल घालून बघायचं. पावसाळ्यात हे दिवसातून चार-चार वेळा चालायचं. या चाचणीचं नाव 'जार टेस्ट'. तुमच्या जारवाल्याला सहज विचारून बघा, तुमच्याकडे जारची टेस्ट होते का म्हणून.

गाळ बसला की पाणी वाळूच्या थरातून जातं आणि शेवटी क्लोरीन. भारतीय मानक, आयएस १०५००, सांगतं की शंभर मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय हा जंतू एकही सापडता कामा नये, आणि नळाला पाणी येईल तेव्हा त्यात लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असला पाहिजे. हा शिल्लक क्लोरीन म्हणजे पाण्याबरोबर पाठवलेला राखणदार. लोक त्याच्या वासाला नाकं मुरडतात. मी वास आला की निवांत होते.

नीट चालणाऱ्या केंद्रातून पाणी चांगलंच निघतं. गडबड होते ती पुढे, रस्त्यात. आपल्याकडे पाणी दोन तास येतं. उरलेले बावीस तास तीच पाइपलाइन रिकामी पडलेली असते, आणि रिकामी लाइन ओढून घेते. कुठे जॉइंट सैल आहे, कुठे कुणाची नळजोडणी चक्क गटारातून गेलेली आहे, कुठे तिसऱ्या मजल्यावरच्या साहेबांनी नळाला थेट मोटर लावली आहे. अशा ठिकाणी बाहेरचं पाणी आत येतं. मग चावीवाला व्हॉल्व्ह सोडतो आणि तो सगळा ऐवज पहिल्या पाच-दहा मिनिटांत तुमच्या बादलीत. म्हणून पाणी आल्या आल्या भरू नका. पहिल्या बादल्या संडासाला, झाडांना, गाडी धुवायला. मातीच्या रंगाचं आलं तर दिसतं तरी, गटाराचं थोडंसं मिसळलेलं दिसतही नाही.

आणि हे सगळं ठाऊक असूनही मी कशी तोंडघशी पडले ते ऐका. आमच्या सोसायटीत मी छातीठोकपणे सांगत असे, "पाणी आमच्या केंद्रातलं आहे, बिनधास्त प्या." एका ऑगस्टमध्ये आमच्या विंगमधल्या दोन घरांत कावीळ निघाली, आठ दिवसांनी माझ्या मुलीला. तेव्हा कुठे मी लॅबमधून ओटी टेस्टचं द्रावण घरी आणलं. पाण्यात दोन-चार थेंब टाकले की क्लोरीन असेल तर पिवळी झाक येते. रस्त्यावरच्या लाइनचं पाणी पिवळं झालं. माझ्या स्वयंपाकघरातलं, काचेसारखं पांढरं. मधे होती ती आमचीच जमिनीखालची टाकी. ड्रेनेजच्या चेंबरपासून जेमतेम चार फुटांवर, आणि भिंतीला बोट जाईल एवढी भेग. वरची टाकी आम्ही दर सहा महिन्यांनी वाजतगाजत धुवायचो. खालच्या टाकीत कुणी डोकावलं नव्हतं, मीसुद्धा नाही. मुलगी दीड महिना अंथरुणावर होती. अजूनही भांडण झालं की ती मला "बिनधास्त प्या" म्हणून दाखवते.

तुमच्याकडच्या साथीत संशय पाण्यावरच गेला. रुग्णांच्या तपासण्यांत कॅम्पायलोबॅक्टर हा जंतू आणि नोरोव्हायरस सापडले. नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत शहर पोचलं, पण शहरासारखं शुद्ध केलेलं पाणी सगळीकडे पोचलेलं नव्हतं. विहिरीचं होतं, टँकरचं होतं. आणि तुम्ही जार सुरू केलात म्हणून मुद्दाम सांगते. त्या दिवसांत पालिकेने जे नमुने तपासले त्यांत काही खासगी आरओ, म्हणजे बारीक पडद्यातून पाणी गाळणाऱ्या, केंद्रांचं पाणीही पिण्याजोगं निघालं नाही, आणि ती केंद्रं बंद करायला लावली.

असं का होतं? माझ्या मैत्रिणीच्या मुलाने मध्यंतरी जारचा धंदा काढला, मला कौतुकाने बघायला बोलावलं. मशीन नवं कोरं होतं. बोअरचं पाणी आत, आरओतून बाहेर, पुढे चिलर. पण आरओच्या आधी जो कोळशाचा फिल्टर असतो तो क्लोरीन शोषून घेतो, आणि बोअरच्या पाण्यात मुळात क्लोरीन नसतोच. म्हणजे आरओतून निघालेलं पाणी स्वच्छ खरं, पण राखणदाराशिवाय. तिथून पुढे जो हात लागेल, जे भांडं लागेल, त्याचे जंतू सुखाने नांदतात. आणि भांडं कुठलं? काल कुणाच्या लग्नात उन्हात पडलेला, परत आलेला जार. आत पाइपाने पाणी मारायचं, दोनदा हलवायचं, ओतायचं, की चालला भरायला. एका जारच्या आत खांद्याशी हिरवट कड दिसली. मी बोट दाखवलं तर म्हणतो, "काकू, ते बाहेरून आहे." मी बोट आत घालून दाखवलं.

तोंडाला सील नसलेला थंडगार जार म्हणजे बाटलीबंद पाणी नव्हे. ते सुटं पाणी आहे, फक्त भांडं मोठं. सील असलेला, छापील परवाना क्रमांक असलेला जार वेगळा, त्याबद्दल पुढच्या पत्रात.

तेव्हा सासूबाईंचं चालू द्या. पाणी खळखळ उकळू लागलं की आणखी एक मिनिट, बस. वीस-वीस मिनिटं उकळणाऱ्या बायका मला माहीत आहेत, त्यात पाण्याचं काही भलं होत नाही. फक्त एक बघा. उकळल्यावर उरलासुरला क्लोरीनही उडून जातो, म्हणजे माठातलं पाणीसुद्धा आता राखणदाराशिवायच आहे. सासूबाई माठात पेला बुडवत असतील तर त्यांच्यात आणि जारवाल्यात फारसा फरक नाही. लांब दांड्याचं ओगराळं घ्या किंवा तोटीचा माठ. माठ रोज रिकामा करून, घासून भरायचा. पाहुण्यांनाही तेच द्या.

प्रश्न : महिन्यातले वीस दिवस मी फिरतीवर असतो. बाटली विकत घेताना मी आयएसआयचा शिक्का बघायचो. आता तो बघण्यात अर्थ राहिला नाही असं दुकानदार म्हणतो. आणि बाटलीत लाखो प्लास्टिकचे कण असतात हे खरं का?

दुकानदार अर्धा बरोबर आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये बाटलीबंद पाण्यावरची आयएसआयची सक्ती उठली. पण पुढच्याच महिन्यात अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, हे पाणी जास्त जोखमीच्या पदार्थांत टाकलं. म्हणजे परवान्याआधी कारखान्याची पाहणी आणि दरवर्षी बाहेरच्या संस्थेकडून तपासणी. तेव्हा आता एफएसएसएआयचा चौदा आकडी क्रमांक बघा, तारीख बघा, आणि झाकण फिरवताना खालची कडी 'कट्' करून तुटते का ते कानाने ऐका. नाव सगळ्यात शेवटी वाचा, पण अक्षर अन् अक्षर वाचा. एस्टी स्टँडवर आपण 'एक बिसलरी द्या' म्हणतो आणि हातात जे येतं त्यावर एखादी वेलांटी इकडची तिकडे झालेली असते. पाणी पिऊन झालं की बाटली चुरगाळून टाका, नाहीतर तीच पुन्हा भरून कुणाच्या तरी हातात जाते.

चांगल्या कंपनीच्या सीलबंद बाटलीला मी नावं ठेवत नाही. परक्या गावात, जिथे टाकीचा ठाव नाही, मीही तीच घेते. नळाचं पाणी रस्त्यात बिघडू शकतं, सीलबंद बाटलीला तो रस्ता लागत नाही, एवढा तिचा मोठा गुण. पण ती आकाशातून पडत नाही. बहुतेक बाटल्यांवर 'पॅकेज्ड ड्रिंकिंग वॉटर' लिहिलेलं असतं, म्हणजे बोअरचं किंवा नळाचंच पाणी शुद्ध करून भरलेलं. झऱ्याचं असेल तर 'नॅचरल मिनरल वॉटर' असं लिहावं लागतं आणि किंमतही तशी असते. २००३ साली दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने बाटल्यांतल्या कीटकनाशकांचे अंश उघड केले होते. त्यानंतरच आपल्याकडचे नियम कडक झाले.

प्लास्टिकच्या कणांचं खरं आहे. जानेवारी २०२४ मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या बाटल्या तपासल्या, लिटरमागे सरासरी दोन लाख चाळीस हजारांच्या आसपास कण मोजले. त्यातले नव्वद टक्के इतके बारीक की आधीच्या पद्धतींना ते दिसतच नव्हते. ते शरीरात जाऊन नेमकं काय करतात यावर काम चालू आहे. मी एवढंच करते की उन्हात तापलेल्या गाडीतली बाटली पीत नाही, आणि एकदाची बाटली वर्षभर फ्रिजमध्ये भरून ठेवत नाही. फिरतीवर स्टीलची बाटली न्या, हॉटेलात चहावाल्याकडून उकळतं पाणी भरून घ्या. चहावाले नाही म्हणत नाहीत, अनुभव आहे.

प्रश्न : डोंबिवलीहून. बाळ तीन महिन्यांचं आहे, वरचं दूध पावडरचं. नणंद म्हणते मिनरल वॉटरमध्येच करायचं.

नको. सीलबंद पाणीही निर्जंतुक नसतं, दुधाची पावडरही नसते. पाणी कुठलंही घ्या, उकळा आणि ते कडक असतानाच पावडर घाला. जागतिक आरोग्य संघटना सांगते की पाणी निदान सत्तर अंश असावं, म्हणजे उकळल्यावर अर्ध्या तासाच्या आत. मग बाटली थंड पाण्यात धरून कोमट करा. नणंदबाईंना माझा नमस्कार.

प्रश्न : मी अकोट तालुक्यात शिक्षक आहे. आमच्या भागातलं बोअरचं पाणी मचूळ. एक विक्रेता घरी आला, पाण्यात दोन सळया बुडवून वीज सोडली तर आमचं पाणी गंजासारखं लाल-तपकिरी झालं आणि त्याच्या मशीनचं तसंच राहिलं. मशीन घ्यावं का?

मशीन घ्या. पण त्या विक्रेत्याला आधी चहा पाजून त्याच्या सळया पुन्हा एकदा बुडवायला सांगा, या वेळी त्याच्या मशीनच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकून. तेही लाल होईल. तो रंग पाण्यातल्या घाणीचा नाही, त्याच्या लोखंडी सळईचा. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, सळई विरघळते, गंज दिसतो. आरओच्या पाण्यात क्षारच नसतात, वीज वाहत नाही, म्हणून ते गोरंगोमटं राहतं. तुम्ही शिक्षक आहात, हा प्रयोग सातवीच्या वर्गात करा, मुलं जन्मभर विसरणार नाहीत.

मशीन घ्या असं म्हणते ते दुसऱ्या कारणाने. अकोला, अमरावती, बुलढाण्यातला पूर्णेकाठचा खारपाणपट्टा म्हणजे जमिनीखालीच खारं पाणी. क्षार, म्हणजे ज्याला सगळे टीडीएस म्हणतात, लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत असं मानक आहे, आणि दुसरी सोयच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्या म्हणतं. त्याच्या पुढे गेलात तर उकळून काही होत नाही. उलट पाणी आटतं आणि क्षार दाट होतात. यवतमाळ-चंद्रपुरातल्या फ्लोराइडचंही तेच. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर सतत पोटात गेलं की दात पिवळे-तपकिरी पडतात, पुढे हाडं धरतात, आणि चुलीवर कितीही उकळा, ते जागचं हलत नाही. जंतूंना उकळणं, क्षारांना आरओ. ही दोन वेगळी दुखणी आहेत.

हेच मशीन मुंबईत कुणी घेतलं तर मी वेड्यात काढीन. भातसा, वैतरणा, तानसाचं पाणी पावसाचंच, टीडीएस शंभरच्या आसपास किंवा खाली. त्याला आरओ लावणं म्हणजे न्हालेल्या माणसाला पुन्हा आंघोळ, आणि वर पिण्याच्या एका लिटरमागे तीन लिटर मोरीत. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये तेच म्हटलं होतं, टीडीएस ५०० च्या खाली असेल तिथे आरओ नको. तुमच्याकडे मात्र फेकायचं खारं पाणी पिंपात धरा. फरशी आणि संडास त्यावर निघतो. झाडांना घालू नका.

आणखी एक. टीडीएसचं ते पेनासारखं मीटर कावीळ दाखवत नाही. माझ्या मुलीने प्यायलेल्या पाण्याचा टीडीएस एकशे दहा होता. सुरेख आकडा.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत नेवार्कला राहतो. आई पहिल्यांदाच इथे आली आहे आणि नळाचं पाणी उकळल्याशिवाय तोंडाला लावत नाही. गरज नाही हे तिला कसं पटवू?

पटवू नका, पण गाडी दुसऱ्या रुळावर न्या. तुमच्याकडे लाइन चोवीस तास भरलेली असते, त्यामुळे गटार आत ओढलं जाण्याची भीती जवळजवळ नाही. तुमच्या शहराचं दुखणं वेगळं होतं, शिसं. केंद्रातलं पाणी ठीक, पण रस्त्यापासून घरापर्यंतची जुनी नळी शिशाची. ऑगस्ट २०१९ मध्ये तिथे लोकांना बाटल्या वाटल्या गेल्या, आणि काही बाटल्यांवरची तारीख उलटून गेली होती म्हणून वाटप थांबवावं लागलं! पुढच्या तीनेक वर्षांत नेवार्कने २३ हजारांवर नळ्या उकरून तांब्याच्या घातल्या. तुमच्या घराची नळी बदलली का, ते शहराच्या यादीत बघता येतं. शिसं उकळून जात नाही, हे आईंना सांगा. स्वयंपाकाला थंड नळाचंच पाणी घ्या, गरम नळाचं नको, कारण गरम पाण्यात शिसं जास्त विरघळतं. आणि सकाळी नळ थोडा वेळ वाहू द्या. आई पहिलं पाणी सोडून देत असतील तर ती इकडची सवय तिकडेही कामाची आहे.

प्रश्न : कोकणात आमची स्वतःची विहीर. आजी जुन्या लुगड्याच्या फडक्याने गाळून तांब्याच्या हंड्यात ठेवायची, आम्ही सगळे धडधाकट आहोत. ग्रामपंचायतीचा माणूस मात्र टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकायला मागे लागतो.

आजीला हसू नका, मीही हसत नाही. बांगलादेशात मतलब नावाच्या भागात बायकांना जुन्या साडीच्या चार घड्या करून तळ्या-नदीचं पाणी गाळायला शिकवलं, आणि पटकी, म्हणजे कॉलरा, जवळजवळ निम्म्यावर आली. २००३ साली ते प्रसिद्ध झालं. पटकीचे जंतू पाण्यातल्या बारीक किड्यांना चिकटून असतात, किडे फडक्यात अडकतात. नव्या साडीपेक्षा जुनी बरी, कारण धुऊन धुऊन तिची वीण दाटते. तांब्याचंही खोटं नाही. बंगळुरात झालेल्या प्रयोगात मुद्दाम जंतू सोडलेलं पाणी सोळा तास तांब्याच्या भांड्यात ठेवलं, तर जंतू सापडले नाहीत. पण हंडा आतून कल्हईचा असेल तर तांबं पाण्याला लागतच नाही. आणि काविळीचा विषाणू फडक्यातून आरामात पलीकडे जातो. तो किती चिवट, ते १९५५-५६ च्या हिवाळ्यात दिल्लीने पाहिलं. यमुनेत नाल्याचं पाणी शिरलं, केंद्रात क्लोरीन वाढवला, जंतूंच्या चाचण्या चांगल्या आल्या, तरी जवळजवळ २९ हजार लोकांना कावीळ झाली.

क्लोरीनलाही जो इतका जड गेला, त्याला नुसतं फडकं काय अडवणार? तेव्हा टीसीएल टाकू द्या, निदान जून ते ऑक्टोबर. वास दोन दिवसांत जातो, पाणी उघड्या भांड्यात ठेवलं तर त्याहून लवकर. फक्त त्या ग्रामपंचायतीच्या माणसाला, म्हणजे जलसुरक्षकाला, दोन गोष्टी विचारा. टाकल्यावर अर्ध्या तासाने ओटी करून पिवळं आलं का, आणि पावडर कुठे ठेवतो. ताज्या टीसीएलमध्ये तेहतीस टक्के क्लोरीन असतो, पण गोणीचं तोंड उघडं राहिलं की तो हवेत जातो आणि मागे उरतो नुसता चुना. आमच्या तालुक्याच्या दौऱ्यांत मी पाहिलंय, ग्रामपंचायतीच्या पायऱ्यांखाली पावसाळाभर भिजलेली गोणी, आणि त्यातलंच घमेलंभर विहिरीत.